जर्मेनियममधली होल्स, सुपरकंडक्टर आणि चुंबकाची दिशा

फिजिक्सचं नोबेल दोनदा मिळालेला माणूस आजपर्यंत एकच, जॉन बार्डीन. १९५६ ला ट्रान्झिस्टरसाठी आणि १९७२ ला सुपरकंडक्टिविटीच्या थिअरीसाठी. आता हे बघा, डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जो पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला तो सिलिकॉनचा नव्हता, जर्मेनियमचा होता, आणि त्याच्यातलं सगळं काम जर्मेनियममध्ये घुसवलेल्या होल्सवर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांवर, चालत होतं. म्हणजे जर्मेनियम, होल्स आणि सुपरकंडक्टर या तिन्ही गोष्टींवर याच एका माणसाचा हात फिरला होता, पण एकत्र कधीच आल्या नाहीत. गेल्या काही वर्षांत त्या एकाच चिपवर आल्यात आणि लोक त्याच्यावर चुंबक लावून बघतायत की आतला करंट कसा वागतो. आज तेच सांगायचंय, आणि त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट आत्ताच सांगून टाकते: इथे चुंबक किती जोराचा आहे याच्याइतकंच, किंबहुना जास्तच, तो कुठल्या दिशेने लावलाय याला महत्त्व आहे.

मुंबईत राहणाऱ्यांना हा विषय परका वाटायचं काहीच कारण नाही. कुलाब्याला नेव्ही नगरच्या टोकाला टीआयएफआर, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, आहे, तिथे होमी भाभांच्या काळापासून मूलभूत फिजिक्स चालतं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बातमी आली होती की तिथे बनवलेल्या ६ क्यूबिटच्या (क्यूबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट) सुपरकंडक्टिंग चिपची डीआरडीओच्या पुण्यातल्या लॅबने टीआयएफआर आणि टीसीएससोबत पूर्ण टेस्ट केली. त्या चिपचा जीव ज्या पार्टमध्ये असतो त्याला म्हणतात जोसेफसन जंक्शन. २०२५ चं फिजिक्सचं नोबेल क्लार्क, डेवोरे आणि मार्टिनिस यांना मिळालं तेही याच जंक्शनवर ८० च्या दशकात बर्कलीला केलेल्या प्रयोगांसाठी. तर आधी हे जंक्शन काय असतं ते बघू, मग त्यात जर्मेनियम घालू, मग चुंबक.

साध्या तारेत करंट वाहतो तेव्हा इलेक्ट्रॉन धडपडत जातात, अणूंना धडकतात, तार तापते, वीज वाया जाते. १९११ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला कॅमरलिंग ओनेसने पारा ४.२ केल्विनपर्यंत थंड केला, म्हणजे उणे २६९ डिग्री सेल्सिअस, आणि त्याचा रेझिस्टन्स चक्क गायब झाला. कमी झाला असं नाही, गायब. शिसं ७.२ केल्विनला, नायोबियम ९.२ च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियम १.२ केल्विनला, असे बरेच धातू हे करतात. टीआयएफआरच्याच रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध बिस्मथचा क्रिस्टल ०.५३ मिलीकेल्विनच्या खाली सुपरकंडक्टर होतो हे दाखवलं होतं, ते सायन्स या मासिकात छापून आलं, ०.५३ मिलीकेल्विन म्हणजे शून्याच्या वर एका डिग्रीच्या हजाराव्या भागाचं जेमतेम अर्धं, आणि बिस्मथमध्ये करंट वाहणारे कण इतके कमी असतात की नेहमीच्या थिअरीत ते बसतच नाही. हे काम कुलाब्यात झालंय हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं याची मला खरंच हळहळ वाटते.

हे असं का होतं याचं उत्तर मिळायला १९५७ साल उजाडलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी सांगितलं की थंडीत इलेक्ट्रॉनच्या जोड्या बनतात, एकाचा स्पिन (इलेक्ट्रॉनच्या अंगचा इवलासा चुंबक म्हणा) वर तर दुसऱ्याचा खाली, आणि या सगळ्या जोड्या मिळून एकच क्वांटम अवस्था धरतात. त्या अवस्थेला एक फेज असतो, म्हणजे एक कोन, आणि धातूच्या पूर्ण तुकड्यात तो कोन एकमेकांशी जुळलेला असतो. जोडी तोडायची तर ठराविक एनर्जी मोजावी लागते, तिला गॅप म्हणतात, अ‍ॅल्युमिनियममध्ये ती दर इलेक्ट्रॉनमागे साधारण २०० मायक्रो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हा २०० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे हिशोबाला लागणार आहे. आणि चुंबक या जोड्यांचा शत्रू का, तेही इथेच कळतं, जोडीत एक स्पिन वर आणि एक खाली आहे, चुंबकीय फील्ड दोघांना एकाच बाजूला वळवायला बघतं, शिवाय ते इलेक्ट्रॉनच्या वाटाही वाकवतं, एका मर्यादेनंतर जोडी तुटते आणि सुपरकंडक्टिविटी संपते.

आता १९६२. केंब्रिजमधला २२ वर्षांचा पोरगा, ब्रायन जोसेफसन, गणित करून म्हणाला की दोन सुपरकंडक्टरच्या मध्ये पातळ अडथळा ठेवला तरी जोड्या पलीकडे जातील आणि व्होल्टेज शून्य असतानासुद्धा करंट वाहील, आणि तो किती वाहील हे दोन बाजूंच्या फेजमधल्या फरकावर ठरेल. बार्डीनला हे अजिबात पटलं नाही, तेव्हाचा सगळ्यात मोठा माणूस, त्याने उघड विरोध केला. पण वर्षभरात बेल लॅब्समध्येच अँडरसन आणि रॉवेल यांनी तो करंट मोजून दाखवला आणि १९७३ ला जोसेफसनला नोबेल मिळालं. नेहमीच्या क्यूबिट चिपमध्ये हा अडथळा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. तो एकदा बनवला की बनवला, नंतर त्याची ताकद बदलता येत नाही. जंक्शनमधून जास्तीत जास्त जेवढा करंट व्होल्टेजशिवाय जाऊ शकतो त्याला क्रिटिकल करंट म्हणतात, त्याच्यावर गेलात की जंक्शनवर व्होल्टेज दिसायला लागतं. ऑक्साइडच्या जंक्शनमध्ये हा क्रिटिकल करंट बनवतानाच ठरून जातो.

इथे सेमीकंडक्टर कामाला येतो. ऑक्साइड काढून त्याच्या जागी सेमीकंडक्टरचा तुकडा ठेवला तर? सेमीकंडक्टरवर गेट लावता येतो, ट्रान्झिस्टरसारखा, गेटला व्होल्टेज दिलं की आतले कण कमी-जास्त करता येतात, म्हणजे क्रिटिकल करंट नॉब फिरवल्यासारखा वर-खाली करता येतो, पूर्ण बंदसुद्धा. २०१५ मध्ये कोपनहेगन आणि हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लोकांनी इंडियम आर्सेनाइडच्या वायरवर अशी क्यूबिट बनवून दाखवली, तिला गेटमॉन म्हणतात.

आता होल्स. सेमीकंडक्टरमधला खालचा बँड, म्हणजे इलेक्ट्रॉनला मिळणाऱ्या एनर्जीचा खालचा पट्टा, इलेक्ट्रॉनने गच्च भरलेला असतो आणि गच्च भरलेल्या बँडमध्ये कोणीच हलू शकत नाही त्यामुळे करंट नाही. त्यातला एखादा इलेक्ट्रॉन काढून घेतला की एक जागा रिकामी होते. विरार लोकलमध्ये चौघं बसलेल्या सीटवर खिडकीकडचा माणूस दादरला उतरला की बाकीचे एकेक करून खिडकीकडे सरकतात आणि रिकामी जागा मात्र पॅसेजच्या दिशेने सरकत येते, उभा असलेला माणूस त्या रिकाम्या जागेवरच डोळा ठेवून असतो, कोण किती सरकला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. फिजिक्सवाले अगदी तेच करतात, कोट्यवधी इलेक्ट्रॉनचा हिशोब ठेवण्यापेक्षा रिकाम्या जागेचा ठेवतात, आणि ती रिकामी जागा पॉझिटिव्ह चार्ज असलेल्या कणासारखी वागते, तिला वजन असतं, वेग असतो, स्पिन असतो. हेच होल. आणि अशी पुष्कळ होल्स एका पातळ थरात अडकवली, जिथे ती फक्त आडवी-उभी फिरू शकतात पण वर-खाली जाऊ शकत नाहीत, तर त्याला द्विमितीय होल गॅस म्हणतात.

तो थर बनवतात असा. सिलिकॉन-जर्मेनियमचं मिश्रण, ज्यात जर्मेनियम साधारण ८० टक्के, त्याच्यावर शुद्ध जर्मेनियमचा १५-२० नॅनोमीटरचा थर वाढवायचा, त्याच्यावर परत मिश्रणाचा थर. जर्मेनियमच्या अणूंमधलं अंतर सिलिकॉनपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त असतं, त्यामुळे मिश्रणावर बसताना जर्मेनियमला बाजूने दाबून बसावं लागतं. या दाबण्याने फार मोठं काम होतं. होल्स दोन प्रकारची असतात, हेवी आणि लाइट, सैल जर्मेनियममध्ये दोघांची एनर्जी एका ठिकाणी येते आणि सगळा गोंधळ होतो, दाबल्यावर दोघं वेगळी होतात आणि थरात जवळजवळ फक्त हेवी होल्स उरतात. नाव हेवी असलं तरी थराच्या पातळीत फिरताना त्यांचं वजन इलेक्ट्रॉनच्या जेमतेम ५-६ टक्के भरतं, म्हणून ती सुसाट धावतात. डेल्फ्टच्या ग्रुपने या थरात मोबिलिटी, म्हणजे कण किती सहज धावतात त्याचं माप, १० लाखांच्या वर नेलीय, सेंटिमीटर वर्ग दर व्होल्ट-सेकंद या युनिटमध्ये, सेमीकंडक्टरवाल्यांना कळेल की हा आकडा होल्ससाठी किती मोठा आहे.

मग इंडियम आर्सेनाइड सोडून जर्मेनियमच का? दोन-तीन कारणं आहेत आणि ती चांगली भक्कम आहेत. धातू जर्मेनियमला टेकवला की मधे होल्ससाठी अडथळा उभा राहतच नाही म्हटलं तरी चालेल, सिलिकॉनमध्ये ही कटकट कायम असते. दुसरं, जर्मेनियम हे चिप फॅक्टरीत आधीपासून वापरात असलेलं मटेरियल आहे. तिसरं स्पिनबद्दल, अणूंच्या केंद्रकाला स्वतःचा स्पिन असला तर तो क्यूबिटची माहिती बिघडवतो, इंडियम आणि आर्सेनिकच्या प्रत्येक केंद्रकाला तो असतो, जर्मेनियममध्ये मात्र नैसर्गिक प्रमाणातसुद्धा फक्त जर्मेनियम-७३ ला असतो आणि तो पावणेआठ टक्के, हवा तर तोही गाळून काढता येतो. २०२१ मध्ये याच थरावर ४ होल-स्पिन क्यूबिटचा प्रोसेसर डेल्फ्टने दाखवला होता, म्हणजे नुसता कागदावरचा दावा नाही.

सुपरकंडक्टरच्या जोड्या या होल गॅसमधून पलीकडे जातात कशा? होल गॅस स्वतः तर सुपरकंडक्टर नाही. उत्तर १९६४ मध्ये आंद्रेव्हने दिलं. सेमीकंडक्टरमधला एकटा कण सुपरकंडक्टरच्या सीमेवर येतो, त्याची एनर्जी गॅपपेक्षा कमी असते म्हणून एकट्याला आत जागाच नाही, मग तो उलट्या स्पिनचा दुसरा कण सोबत घेऊन जोडीने आत जातो आणि त्या दुसऱ्याची राहिलेली उणीव आल्या वाटेने उलटी परत निघते. ती समोरच्या सुपरकंडक्टरला जाऊन पोचते आणि तिथे हीच क्रिया उलट घडते. दोन्ही भिंतींच्या मधे ही ये-जा चालू राहिली की एक पक्की अवस्था बनते, आंद्रेव्ह अवस्था, आणि प्रत्येक फेरीला एक जोडी इकडून तिकडे पोचते. सुपरकरंट वाहतो तो हाच. इथे एक अट मात्र आहे, जाणाऱ्याने आणि परतणाऱ्याने फेजचा हिशोब जुळवून ठेवायला हवा. चुंबक त्या हिशोबातच हात घालतो.

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. समजा आपल्याकडे जंक्शन आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, ५ मायक्रोमीटर रुंद, मधे जर्मेनियमची फट ०.४ मायक्रोमीटर. चिप टेबलावर सपाट ठेवलीय आणि फील्ड वरून खाली, म्हणजे चिपला काटकोनात. जंक्शनच्या फटीतून चुंबकीय फ्लक्स (फील्ड गुणिले क्षेत्रफळ) जायला लागतो आणि त्यामुळे जंक्शनच्या रुंदीभर फेज एकसारखा राहत नाही, डाव्या टोकाला एक, उजव्या टोकाला वेगळा. फेज वेगळा म्हणजे करंट वेगळा, काही भागात पुढे वाहायला बघतो काही भागात मागे, आणि फटीतून बरोबर एक फ्लक्स क्वांटम गेला की सगळा करंट आपसात कटून शून्य होतो. हा फ्लक्स क्वांटम निसर्गाने ठरवून दिलेला आकडा आहे, २.०७ गुणिले १० चा उणे १५ वा घात वेबर. आपल्या फटीचं क्षेत्रफळ २ चौरस मायक्रोमीटर, भागाकार करा, साधारण १ मिलीटेस्लाला पहिलं शून्य येतं. मुंबईत पृथ्वीचं स्वतःचं फील्ड ०.०४ मिलीटेस्लाच्या आसपास आहे, त्याच्या जेमतेम २५ पट. फील्ड अजून वाढवलं की करंट परत थोडा वर येतो, मग २ क्वांटमला पुन्हा शून्य, असा लाटांसारखा ग्राफ मिळतो, मधला डोंगर उंच आणि बाजूचे बुटके होत जाणारे. प्रकाश अरुंद फटीतून गेल्यावर पडद्यावर जो पॅटर्न दिसतो त्याचं आणि याचं गणित एकच आहे म्हणून याला फ्राउनहोफर पॅटर्न म्हणतात.

खऱ्या मोजणीत पहिलं शून्य आपल्या हिशोबाच्या आधीच येतं. कारण सुपरकंडक्टर फील्डला आपल्यातून बाहेर ढकलतो, १९३३ मध्ये माइसनर आणि ऑक्सेनफेल्ड यांनी दाखवलेला परिणाम, आणि ढकललेलं फील्ड जाणार कुठे, ते मधल्या फटीतच गोळा होतं, त्यामुळे फटीतलं फील्ड बाहेरच्या फील्डपेक्षा जास्त असतं. लॅबमध्ये हा ग्राफ सगळ्यात आधी काढतात आणि त्याच्यावरून जंक्शनची तब्येत कळते. बाजूचे डोंगर सुबक आणि शून्य खरंच शून्य असेल तर करंट पूर्ण रुंदीत सारखा वाहतोय. शून्याच्या जागी करंट शिल्लक राहत असेल किंवा डावी-उजवी बाजू सारखी नसेल तर कुठेतरी करंट एका कडेने जास्त वाहतोय किंवा मटेरियलमध्ये गडबड आहे. एवढा साधा ग्राफ एवढं सांगतो हे मला फार आवडतं.

इथपर्यंत फील्डचा परिणाम वाटांवर होता, स्पिनचा विषय आलाच नाही. स्पिनवर फील्डचा परिणाम होतो त्याला झीमन परिणाम म्हणतात, वरचा स्पिन आणि खालचा स्पिन यांच्या एनर्जीत फरक पडतो, आणि तो फरक किती ते g या आकड्यावर ठरतं. मोकळ्या इलेक्ट्रॉनचा g जवळजवळ २, आणि तो सगळ्या दिशांना सारखा. जर्मेनियमच्या थरातल्या होल्सचं तसं नाही, चिपला काटकोनात फील्ड लावलं तर g १० च्या आसपास किंवा त्याच्याही वर, आणि चिपच्या पातळीत आडवं लावलं तर ०.२ ते ०.४ एवढाच. त्याच थरात, त्याच होलचा, फक्त फील्डची दिशा बदलली आणि आकडा ३०-४० पट खाली आला!

याचं कारण समजून घ्यायला थोडा धीर लागेल पण त्याचं चीज होतं. इलेक्ट्रॉनचा स्पिन १/२ असतो पण बँडच्या आतल्या फिरण्यामुळे होलचा एकूण स्पिन ३/२ होतो. थर दाबलेला आणि पातळ असल्यामुळे हेवी होलचा स्पिन थराला काटकोनातच उभा राहतो, एकतर अधिक ३/२ किंवा उणे ३/२. काटकोनातलं फील्ड या दोघांना सरळ सरळ वेगळं करतं आणि ३/२ हा मोठा स्पिन असल्यामुळे जोरात करतं. आडव्या फील्डचं काम वेगळं असतं, त्याला फरक पाडायचा तर अधिक ३/२ ची उणे ३/२ शी गाठ घालून द्यावी लागते, आणि एका फटक्यात फील्ड स्पिन फक्त १ ने बदलू शकतं, इथे अंतर ३ चं आहे. त्यामुळे थेट काहीच होत नाही, जो काही थोडा परिणाम उरतो तो लाइट होल्सच्या थोड्याशा मिसळीतून आडवाटेने येतो. म्हणून g इतका बारीक.

आता सुपरकंडक्टरची बाजू बघा. जाड अ‍ॅल्युमिनियम १० मिलीटेस्लाच्या आसपास हार मानतो. पातळ फिल्म केली तर दिशेप्रमाणे फरक पडतो, काटकोनात लावलेल्या फील्डमध्ये ती मिलीटेस्लाच्या दोन आकडी घरातच संपते, पण फिल्मच्या पातळीत आडवं फील्ड लावलं आणि फिल्म ७-१० नॅनोमीटरची असेल तर १ टेस्लाच्या पुढेही टिकते, कारण इतक्या पातळ फिल्मच्या जाडीत इलेक्ट्रॉनच्या वाटा वाकवायला फील्डला जागाच मिळत नाही. म्हणजे सुपरकंडक्टर ज्या दिशेचं फील्ड सहन करतो ते होल्सना जाणवत नाही आणि होल्सना जे जोरात जाणवतं ते सुपरकंडक्टरला मारून टाकतं.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, आकडे घालून बघा. ढोबळ हिशोबाने दोन स्पिनच्या एनर्जीतला फरक १ टेस्लाला g च्या प्रत्येक १ मागे ५८ मायक्रो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. काटकोनात g १० आणि फील्ड २० मिलीटेस्ला धरा, तर साडेअकरा. आडवं g ०.३ आणि फील्ड पूर्ण १ टेस्ला धरा, तर साडेसतरा. दोन्हीकडून जाऊन हात जेमतेम बारा ते सतराला पोचतो आणि गॅप आहे २००. २० मिलीकेल्विनला उष्णतेची एनर्जी पावणेदोनच्या आसपास असते म्हणून हा फरक मोजता मात्र नक्की येतो, पण ज्यांना स्पिनचा परिणाम गॅपच्या तोडीचा हवाय त्यांना हे पुरत नाही. मला वाटतं जर्मेनियमच्या जंक्शनवर गेल्या काही वर्षांत जे काम झालं त्यातलं बरंचसं या एका अडचणीभोवती फिरतं, आणि ही अडचण नीट समजली की पेपर वाचायला सोपे जातात.

अजून एक त्रास. समजा तुम्ही आडवं १ टेस्ला लावायचं ठरवलं आणि चिप होल्डरवर फक्त १ डिग्री तिरकी बसली. १ डिग्रीचा साइन ०.०१७५, म्हणजे १७ मिलीटेस्लापेक्षा जास्त फील्ड काटकोनात घुसलं. आपल्या जंक्शनला पहिलं शून्य १ मिलीटेस्लाला येत होतं, म्हणजे १७ शून्यं ओलांडून आपण कुठल्या कुठे पोचलो, आणि करंट का गेला म्हणून शोधत बसलो तर उत्तर मिळेल झीमनमुळे गेला, जे साफ चुकीचं. म्हणून चिप थंड करणाऱ्या फ्रिजमध्ये तीन दिशांना तीन कॉइल असलेलं वेक्टर मॅग्नेट लावतात, आडवं फील्ड थोडं वाढवायचं, मग काटकोनातलं पुढे-मागे करून फ्राउनहोफरचा मधला डोंगर पुन्हा शोधायचा, त्याच्यावर सेट करायचं, मग परत आडवं वाढवायचं. रात्ररात्र चालणारं काम आहे आणि ते करणाऱ्या पीएचडीच्या मुलांबद्दल मला मनापासून आदर आहे.

स्पिनचा फरक पुरेसा मोठा करता आला तर काय दिसतं? जोडीतले दोघं फट ओलांडताना थोड्या वेगळ्या वेगाने जातात आणि पलीकडे पोचेपर्यंत त्यांच्या फेजमध्ये फरक जमा होतो. फट जितकी लांब, होल्स जितकी मंद, फील्ड जितकं मोठं तितका फरक जास्त. तो एका मर्यादेपुढे गेला की करंटची दिशाच उलटते, म्हणजे फेजचा फरक शून्य असताना जंक्शन जिथे निवांत बसायचं तिथे ते आता पाय (π, म्हणजे १८० डिग्री) एवढ्या फरकावर बसतं. याला पाय-जंक्शन म्हणतात. लोहचुंबकी मिश्रधातू मधे ठेवून हे २००१ मध्ये र्‍याझानोव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, सेमीकंडक्टरमध्ये लोहचुंबकाऐवजी बाहेरचं फील्ड आणि गेट ही दोन बटणं हातात असतात, त्यामुळे त्याच जंक्शनला हवं तेव्हा इकडून तिकडे नेता येईल ही आशा.

आणि डायोड. साधा डायोड करंट एका दिशेने सोडतो आणि दुसऱ्या दिशेने अडवतो हे आपण बारावीत शिकलो. सुपरकंडक्टिंग डायोडमध्ये एका दिशेचा क्रिटिकल करंट दुसऱ्या दिशेपेक्षा जास्त असतो, म्हणजे मधल्या मापाचा करंट दिला तर पुढे जाताना शून्य रेझिस्टन्स आणि मागे जाताना रेझिस्टन्स. २०२० मध्ये क्योटोच्या ग्रुपने नायोबियम, व्हॅनेडियम आणि टँटलमचे थर रचून हे दाखवलं आणि मग सगळे त्याच्या मागे लागले. यासाठी मटेरियलची डावी-उजवी समानता मोडावी लागते आणि सोबत चुंबकीय फील्डही लागतं. होल्समध्ये स्पिन आणि गती एकमेकांशी घट्ट बांधलेली असतात, स्पिन-ऑर्बिट म्हणतात त्याला, म्हणून जर्मेनियम इथे चांगला उमेदवार. पण दुसरा एक रस्ता जास्त सरळ आहे. दोन जंक्शन एका रिंगमध्ये बसवायची, म्हणजे स्क्विड, आणि रिंगमधून थोडा फ्लक्स पाठवायचा. सेमीकंडक्टर जंक्शनमधून जोड्या सहज आरपार जात असतील तर करंट आणि फेजचं नातं साधं साइन राहत नाही, त्यात दुप्पट वेगाने बदलणारा दुसरा भाग मिसळतो, आणि हे मिश्रण रिंगमध्ये दोन दिशांना वेगळं वागतं. रिंगमध्ये अर्धा फ्लक्स क्वांटम ठेवला आणि दोन्ही जंक्शन गेटने सारखी केली तर पहिला भाग पूर्ण कटतो आणि फक्त दुसरा उरतो, म्हणजे जोड्या एकेकट्या न जाता दोन-दोन मिळून जातात. २०२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी ऑस्ट्रियाच्या लोकांनी जर्मेनियमवर हे दोन्ही दाखवलं, डायोड आणि दोन-दोन जोड्या. यात लागणारं फील्ड अगदी नाममात्र आहे, त्यामुळे g ची अडचण आडवीच येत नाही. मला स्वतःला हा रस्ता जास्त भरवशाचा वाटतो.

मेजोरानाबद्दल दोन शब्द, कारण सेमीकंडक्टर, सुपरकंडक्टर आणि चुंबक म्हटलं की कोणीतरी ते विचारतंच. स्पिन-ऑर्बिट, झीमन आणि गॅप हे तिन्ही योग्य प्रमाणात जमले तर वायरच्या दोन टोकांना अशा अवस्था (त्यांनाच मेजोराना म्हणतात) बनतील की ज्यांच्यात साठवलेली माहिती सहजी बिघडणार नाही, अशी थिअरी आहे. २०१८ मध्ये इंडियम अँटिमोनाइडच्या वायरवर डेल्फ्टहून नेचरमध्ये मोठा पेपर आला आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. साध्या आंद्रेव्ह अवस्थासुद्धा ग्राफमध्ये तसाच शिखरासारखा सिग्नल देऊ शकतात ही त्यातली खरी अडचण. जर्मेनियममध्ये g आणि गॅपचा वर केलेला हिशोब बघता हा रस्ता अजून अवघड आहे, कोणी लवकरच होणार म्हणालं तर आधी फील्डची दिशा आणि g विचारा.

अडचणीवर काम कुठल्या बाजूंनी चाललंय? एक म्हणजे सुपरकंडक्टरच बदलायचा. एमआरआय मशीनमध्ये दीड टेस्लाचं फील्ड रात्रंदिवस चालू असतं आणि त्याची कॉइल नायोबियम-टायटॅनियमची सुपरकंडक्टिंगच असते, म्हणजे मोठ्या फील्डमध्ये टिकणारे सुपरकंडक्टर आहेत, प्रश्न त्यांना जर्मेनियमशी स्वच्छ जोडण्याचा आहे. स्वच्छ म्हणजे गॅपच्या आत एकही उनाड अवस्था राहता कामा नये, तिला हार्ड गॅप म्हणतात. डेल्फ्टने २०२३ मध्ये प्लॅटिनम, सिलिकॉन आणि जर्मेनियमचं संयुग करून जर्मेनियममध्ये असा हार्ड गॅप दाखवला, प्लॅटिनमचा थर टाकून गरम केलं की तो खाली रिअ‍ॅक्ट होत जातो आणि थेट होल गॅसला जाऊन भिडतो. दुसरी बाजू होल्सची. थरातल्या होल्सना गेटने अजून अरुंद पट्टीत कोंडलं की हेवी आणि लाइट होल्स जास्त मिसळतात आणि आडवा g बदलतो, म्हणजे तो काही दगडावरची रेघ नाही, गेटने हलवता येतो. तिसरी बाजू अशी की मोठं फील्ड लागणारच नाही अशी कामं निवडायची, वर सांगितलेली रिंग किंवा गेटमॉन, आणि जर्मेनियमच्या थरावरची गेटमॉनसुद्धा आता बनलेली आहे.

ज्यांना मूळ पेपर उघडून बघायचेत, बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांनी तर बघावेतच, त्यांनी ग्राफ दिसला की आधी आडव्या अक्षावरचं B, म्हणजे फील्डचं चिन्ह, बघायचं. त्याच्या खाली दोन उभ्या समांतर रेषा असतील तर फील्ड चिपच्या पातळीत आहे, उलटा T असेल तर काटकोनात. मग आकडे बघायचे, मिलीटेस्ला की टेस्ला. मग जंक्शनची रुंदी आणि फट शोधून फ्लक्स क्वांटमचा भागाकार स्वतः करायचा आणि पहिलं शून्य कुठे यायला हवं ते पेन्सिलने ग्राफवर मार्क करायचं. तुमची खूण आणि त्यांचं शून्य यांच्यात जेवढं अंतर पडेल तेवढं फील्ड अ‍ॅल्युमिनियमने फटीत ढकललंय.